आमराईतली यादी : फेब्रुवारीअखेर, आणि नऊ चुका

डिसेंबरात सुरू केलेली सांगलीच्या आमराईतल्या पक्षी-फुलपाखरं-झाडझुडपांची यादी ११८ नोंदींवर आली. त्यातल्या ९ साफ चुकल्या होत्या, म्हणून आधी त्यांचंच.

नऊही ठिकाणी मी ‘शिंजीर, मादी’ लिहिलं होतं; शिंजीर म्हणजे फुलांतला मध पिणारा छोटा पक्षी. चालायच्या वाटेलगतच्या एका जुन्या आंब्यात रोज सकाळी चिक-चिक-चिक ऐकू यायचं. मळकट, चिमणीहूनही लहान पक्षी, क्षणभर दिसायचा आणि पानांत गडप. आयनॅचरलिस्टवर (निसर्गातल्या नोंदी टाकून एकमेकांना ओळखायला मदत करायची वेबसाइट) दोघांनी ‘फुलटोच्या’ हा दुसराच पक्षी सुचवला, तरी मी दोन दिवस अडून बसलो. मग एक बरा फोटो मिळाला. चोच आखूड, फिकट गुलाबीसर; शिंजिराची लांब बाकदार चोच कुठेच नाही. टिकेलचा फुलटोच्या. नऊ नोंदी गुपचूप दुरुस्त केल्या.

फोटो मोठा करून बघितल्यावर दुसरी गोष्ट कळली. पक्षी बसला होता ती पानं आंब्याची नव्हतीच. आंब्यावर वाढलेलं बांडगूळ! नारिंगी नळीसारखी फुलं, खाली पिकत आलेली फळं. फुलटोच्या फळ खातो, पण बी इतकं चिकट की विष्ठेतून सुटता सुटत नाही; मग फांदीला बूड घासून ते चिकटवून टाकतो. नवं बांडगूळ तिथंच रुजतं. म्हणजे माळी वैतागतो त्या रोपाचा हा पेरणी करणारा गडी.

माळीमामांचं म्हणणं सरळ आहे : “झाडाचं रगत पितंय ते. मोहोर संपला की छाटणार.” चूक नाही त्यांचं. पानं हिरवी असल्यानं बांडगूळ आपलं अन्न बनवतं खरं, पण पाणी आणि क्षार आंब्याचेच ओढतं, आणि फार माजलं तर फांदी वाळते. आपण यादीवाले लगेच ‘जैवविविधता’ म्हणून धावतो, तेव्हा त्या फांदीचाही विचार करावा.

तरी खालच्या फांदीवरचा एक झुबका राहू द्या म्हणून मी गळ घातली. कारण हळदीकुंकू. हे फुलपाखरू उंचावरून संथ उडतं, पंखांची खालची बाजू पिवळी-लाल, आणि त्याच्या अळ्या बांडगुळावरच वाढतात. तीन रविवार मान दुखेस्तोवर वर बघितलं. फिरायला आलेले एक आजोबा दरवेळी विचारायचे, “काय ओ, पाडाला आलाय का आंबा?”

बाकी नोंदींत विशेष काही नाही. सातभाई, तांबट, गाजरगवत. गवतं अजून ओळखता येत नाहीत, त्यांचे फोटो नुसते साठवतोय.

काल त्या झुबक्यातल्या एका पानावर पिवळी अंडी दिसली. ओळीत मांडल्यासारखी, मोजली तर २२. माळीमामांना दाखवली. त्यांनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाले, “बरं, हे शेवटाला तोडू.”