बॉडी पुन्हा चासीवर

आज संध्याकाळी माझ्या जुन्या गाडीची बॉडी अखेर चासीवर, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावर, बसली. बोल्ट अजून हातानेच फिरवलेले आहेत, तरीही इतकी वर्षे दोन कोपऱ्यांत सुटी पडलेली वस्तू पुन्हा गाडीसारखी दिसू लागली आणि मन भरून आले.

चासीचे कर्ण सकाळी पुन्हा मोजले. पुढच्या डाव्या माउंटच्या (बॉडी जिथे बोल्टने चासीला जोडली जाते, त्या आधाराच्या) भोकापासून मागच्या उजव्या भोकापर्यंतचे अंतर आणि त्याच्या उलट दिशेचे अंतर सारखे भरले नाही, तर बॉडी कितीही काळजीपूर्वक उतरवली तरी व्यर्थ. माप जुळले, तेव्हाच चेनब्लॉकला, म्हणजे वजन उचलायच्या साखळीच्या कप्पीला, हात लावला. बॉडी उचलण्यापूर्वी दारांच्या चौकटींत आतल्या बाजूने वेल्डिंग करून बसवलेले आडवे पाइप अजून तसेच आहेत, कारण गंजाने खालचे पत्रे कमकुवत झालेली बॉडी चासीचा आधार सुटताच मधोमध वाकते आणि एकदा चौकट बिघडली की दार पुन्हा नीट लागत नाही.

खाली उतरवताना खरी कसोटी शेवटच्या वीतभर अंतरात लागते. इंजिन आणि गिअरबॉक्स आधीच चासीवर असल्यामुळे स्टिअरिंगचा दांडा फायरवॉलमधून (इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या पत्र्यातून) आणि गिअरचा दांडा तळाच्या भोकातून एकाच वेळी वर यावा लागतो, आणि त्याच वेळी ब्रेकच्या नळ्या व हँडब्रेकची केबल कुठे चेपत नाही ना, हेही पाहावे लागते. चार कोपऱ्यांच्या भोकांत टोकाला निमुळत्या केलेल्या सळ्या उभ्या केल्या होत्या. त्यांच्या आधाराने बॉडी सरळ खाली आली. एका भोकात तेवढा अर्ध्या बोल्टाचा फरक राहिला, तो जॅकने किंचित उचलून पहारीने सरकवल्यावर गेला. सगळे बोल्ट दोन-चार आटे बसेपर्यंत एकही आवळायचा नाही, हा नियम कटाक्षाने पाळला.

माउंटसाठी पॉलियुरेथेन या कडक प्लास्टिकऐवजी रबरच निवडले. पॉलियुरेथेन टिकते जास्त, पण रस्त्याचा थरथराट बॉडीत चढवते, आणि मला ही गाडी पूर्वी चालायची तशीच चालायला हवी आहे. जुन्या शिम, म्हणजे उंची जुळवायला घातलेल्या पातळ पत्र्याच्या चकत्या, कोणत्या माउंटखालून निघाल्या, ते लिहून तारेत ओवून ठेवल्या होत्या. मात्र त्या दबलेल्या जुन्या रबराच्या मापाच्या असल्याने त्यांच्यावर डोळे झाकून विसंबता येत नाही. खरा निवाडा दाराची फट करते. आज डावे दार लावून पाहिले, तर मागची फट वरच्या टोकाला अरुंद आणि खाली रुंद दिसली, म्हणजे बॉडीचा मधला भाग खाली बसला होता. मधल्या माउंटखाली एक मिलिमीटरची शिम सरकवली आणि फट वरपासून खालपर्यंत सारखी झाली. एवढ्याशा पत्र्याने सबंध दार सुधारताना पाहणे हा या कामातला माझा सर्वांत आवडता क्षण आहे.

1922 साली लान्शिया लॅम्बडा ही इटालियन मोटार वेगळ्या चासीशिवाय आली आणि पुढे बहुतेक मोटारींनी तोच मार्ग धरला. त्या गाड्यांवर काम करणाऱ्यांच्या वाट्याला असा दिवस येत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आता पहिले काम अर्थच्या वायरचे. बॉडी आणि चासी यांच्यामध्ये रबर असल्याने विजेला परतीची वाट राहत नाही. ती दिली नाही, तर प्रवाह हँडब्रेकच्या किंवा अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून जातो आणि केबल तापते. म्हणून दोन्हीकडचा रंग थेट धातूपर्यंत खरवडून विणलेली तांब्याची पट्टी बसवायची आहे. उजव्या दाराची फट त्यानंतर जुळवेन. दोन्ही दारे न अडता लागू लागली की बोल्ट टॉर्क पान्याने (किती जोराने आवळले ते दाखवणाऱ्या पान्याने) ठरल्या मापाला आवळायचे आणि मगच ते आडवे पाइप कापायचे. काचा आणि सीट चढल्यावर, म्हणजे पूर्ण वजन पडल्यावर, फटी पुन्हा एकदा तपासाव्या लागतील; शिमची तार तोवर भिंतीवर टांगलेलीच ठेवणार आहे.