पाचशे किलोमीटरनंतर काय?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मालवाहतुकीच्या गाड्यांच्या फेऱ्या आखणं हे माझं काम आहे असं कळलं, की बोलणं लवकरच एका प्रश्नावर येतं. चाळीस टनांची गाडी बॅटरीवर लांब पल्ल्याला जाणार कशी? विचारणाऱ्याच्या सुरात ‘जाणार नाही’ हे उत्तर बहुधा आधीच असतं. माझं उत्तर वेगळं आहे. गाडी जाते. अडतं ते ती जिथे थांबते तिथे.

पण आधी गाडीचंच बोलू, कारण तिथला संशय फिटल्याशिवाय पुढचं कुणी ऐकत नाही.

सपाट रस्त्यावर ताशी ८० किलोमीटरने चाललेल्या ४० टनी ट्रकला दोन गोष्टी मागे ओढतात. एक म्हणजे टायर दबत-उलगडत फिरतात त्यात जाणारी ताकद, आणि दुसरी समोरची हवा. चांगल्या टायरांवर पहिलीचा जोर साधारण २,००० न्यूटन भरतो, आणि केबिनचा आकार बरा असेल तर दुसरीचा १,६०० च्या आसपास. बेरीज ३,६००. एवढ्या जोराविरुद्ध एक किलोमीटर जायला ३६ लाख ज्यूल लागतात, म्हणजे बरोब्बर एक युनिट वीज. मोटर, गिअर आणि मधल्या इलेक्ट्रॉनिक्समधली गळती धरली तरी किलोमीटरला सव्वा युनिटाच्या आत काम भागतं. मर्सिडीज-बेंझच्या ई-ॲक्ट्रॉस ६०० मध्ये ६२१ युनिटांची बॅटरी आहे आणि कंपनी पल्ला सांगते ५०० किलोमीटर. कागदावरच्या हिशेबाशी इतका सरळ जुळणारा जाहिरातीतला आकडा मी क्वचित पाहिलाय.

लोक घाबरतात ते डिझेलशी तुलना करून. किलोभर डिझेलमध्ये जवळपास १२ युनिटांची ऊर्जा असते, आणि बॅटरी पॅकच्या एका किलोत पाव युनिटही नाही. हे खरंच आहे. पण तोच ट्रक शंभर किलोमीटरला ३० लिटरच्या आसपास डिझेल पितो. लिटरमागे १० युनिटं धरली तर किलोमीटरला तीन युनिटं झाली. चाकापर्यंत पोचते त्यातली एक-सव्वा, बाकीची इंजिनाच्या उष्णतेत आणि धुरात जाते. डिझेल इंजिनाला नावं ठेवायचं कारण नाही, इंधन जाळणाऱ्या इंजिनांत ते उत्तमांपैकी आहे. पण बॅटरीला अख्ख्या टाकीची बरोबरी करायची नाही, टाकीतल्या कामी येणाऱ्या भागाचीच करायची आहे.

मग वजन. सहाशे युनिटांचा पॅक चार टनांच्या वरच जातो. इंजिन, गिअरबॉक्स, टाकी, सायलेन्सर निघाल्याने त्यातलं काही परत मिळतं, तरी दोनेक टन अंगावर राहतात. त्यासाठी युरोपीय संघाने धूर न सोडणाऱ्या ट्रकांना २ टन जास्तीची मुभा दिली आहे, अमेरिकेत ८०,००० पौंडांच्या मर्यादेवर २,००० पौंड. शिवाय बरेच ट्रेलर वजनाने नव्हे, जागेनेच भरतात. वेफर्सची खोकी, टिश्यू पेपर किंवा रिकाम्या बाटल्या नेताना दोन टन इकडेतिकडे झाल्याने काही बिघडत नाही. पोलाद, सिमेंट, दूध नेणाऱ्याचं मात्र बिघडतं. त्याच्या दर फेरीच्या भाड्यातून ते दोन टन कापले जातात, आणि त्याला ‘फार फरक पडत नाही’ असं सांगायला मी जात नाही.

चढाचं थोडक्यात. ४० टन हजार मीटर वर चढवायला सुमारे ११० युनिटं जास्तीची लागतात, आणि उतरताना मोटर उलटी चालून त्यातली बरीचशी परत करते. फक्त माथ्यावरच बॅटरी पूर्ण भरून उतरायला लागू नका, परत आलेली वीज ठेवायला जागा उरत नाही. स्वित्झर्लंडमध्ये बीलजवळच्या एका सिमेंट कारखान्याच्या खाणीत याच्या जोरावर एक गंमत झाली. तिथला बॅटरीवरचा डंपर रिकामा वर जातो आणि ६५ टन दगड घेऊन खाली येतो, त्यामुळे चढताना खातो त्याहून जास्त वीज उतरताना कमावू शकतो. लांब पल्ल्याच्या गाडीच्या नशिबी असली खाण नसते.

वेगाचा हिशेब मात्र ड्रायव्हरच्या पायाखाली असतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून ८० चे ९० केले की खर्च एक अष्टमांशाने चढतो. २०२१ मध्ये फ्युचुरिकम या स्विस ट्रकने ६८० युनिटांच्या बॅटरीवर, मधे चार्ज न करता, १,०९९ किलोमीटर कापल्याचा गिनेस विक्रम केला होता. तो चाचणीच्या ट्रॅकवर, ताशी ५० च्या सरासरीने. मला आजही त्या बातमीची कात्रणं पाठवली जातात.

आता थांब्याकडे येते, कारण माझं बहुतेक डोकं तिथेच खर्च होतं.

युरोपात ड्रायव्हरने साडेचार तास गाडी चालवली की ४५ मिनिटांची विश्रांती घ्यावीच लागते, आणि दिवसाचं चालवणं साधारणपणे ९ तासांत आटोपावं लागतं. साडेचार तासांत ताशी ८० ने होतात ३६० किलोमीटर, दिवसाचे ७२०. म्हणजे गाडीने एका दमात ८०० किलोमीटर जायला हवं ही मागणीच कायदा करत नाही. ७२० किलोमीटरना ८३० च्या आसपास युनिटं लागतील. सकाळी सहाशे घेऊन निघा, हाताशी साठेक राखून ठेवा, तर मधल्या विश्रांतीत भरायची राहतात तीनशेच्या आत. एक किलोवॅटने तासभर भरलं की एक युनिट होतं, म्हणून ४५ मिनिटांत तेवढं द्यायला सरासरी ४०० किलोवॅट लागतात, आणि तेवढे देणारे चार्जर आज बसवले जात आहेत. पुढचं मेगावॅट चार्जिंगचं मानक २०२२ मध्ये ऑस्लोत मांडलं गेलं. कागदावर ते ३.७५ मेगावॅटपर्यंत जातं.

तोच ट्रक अमेरिकेत नेला की गणित फिरतं. तिथे आठ तास चालवल्यावर अर्ध्या तासाची सुट्टी, दिवसाला अकरा तास, आणि हमरस्त्यावरचा वेगही जास्त. कायद्याने मिळणारा थांबा उशिरा येतो आणि लहान असतो. टेस्लाने सेमी हा ट्रक ५०० मैलांचा पल्ला डोळ्यांसमोर ठेवून आखला त्यामागे हे असावं असं मला वाटतं. २०१७ मध्ये दाखवलेला तो ट्रक पहिल्यांदा गिऱ्हाइकाच्या, म्हणजे पेप्सिकोच्या, हाती पडला डिसेंबर २०२२ मध्ये. पुढच्या वर्षीच्या चाचणीत त्यातल्या एकाने चोवीस तासांत हजार मैलांचा टप्पा ओलांडला, अर्थात मधे मधे चार्ज होत, आणि चार्जर आपल्याच आवारात असताना.

शेवटचं अर्धं वाक्य महत्त्वाचं आहे. एका थांब्यावर दहा ट्रक प्रत्येकी ४०० किलोवॅट ओढू लागले तर ४ मेगावॅट झाले. एकेक मेगावॅट घेऊ लागले तर दहा. एवढी जोडणी म्हणजे नवा ट्रान्सफॉर्मर, बऱ्याचदा नवी लाइन, जमीन, परवानग्या. ट्रक काही महिन्यांत दारात येतो, जोडणीला वर्षं लागतात. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे मुख्य महामार्गांवर २०३० अखेरपर्यंत दर ६० किलोमीटरला, दोन्ही दिशांना, किमान ३,६०० किलोवॅटचं जड वाहनांचं केंद्र असायला हवं. डायम्लर ट्रक, ट्रॅटन आणि व्होल्वो ग्रुप हे बाजारात एकमेकांचे गळे धरणारे तिघे, पण चार्जिंगची केंद्रं उभी करायला २०२२ मध्ये त्यांनी एकत्र कंपनी काढली. दुखणं कुठे आहे हे ट्रक बनवणाऱ्यांनाही ठाऊक आहे.

वीज आली तरी संपत नाही. युरोपातली ट्रेलरसकट गाडी साडेसोळा मीटरपर्यंत लांब असते. मोटारींसाठी केलेल्या चार्जरच्या खाचेत ती शिरत नाही, ट्रेलर सोडून पुढचं तोंड तेवढं आत घालावं लागतं आणि मग पुन्हा जोडावं लागतं. त्यात विश्रांतीची वीस मिनिटं गेली. रांग असेल तर आणखी पंचाईत, कारण स्टिअरिंगमागे बसून गाडी इंच इंच पुढे सरकवणं ही विश्रांती धरली जात नाही. ड्रायव्हर ४५ मिनिटं थांबूनही कायद्याच्या लेखी थांबलेला नसतो. रात्री उलट होतं. गाडी पूर्ण चार्ज झालेली, ड्रायव्हर अकरा तासांच्या विश्रांतीत झोपलेले, आणि वेगवान चार्जर अडलेला. त्यांना उठवायचं कुणी?

म्हणून माझं मत थोडं बेरंगी आहे. मेगावॅट चार्जरच्या बातम्या होतात, पण मला आधी हवेत ते रात्रीच्या तळांवर प्रत्येक जागेला साधे ५० ते १०० किलोवॅटचे चार्जर. अकरा तास ५० किलोवॅटने भरलं तरी साडेपाचशे युनिटं होतात, म्हणजे सकाळी जवळपास भरलेली गाडी. आणि दुसरे हवेत ते गोदामाच्या धक्क्यावर. माल उतरवायला गाडी दीड-दोन तास मागे लागून उभी असते, तेव्हा तिला काहीच काम नसतं. या दोन्ही ठिकाणी वीज मिळाली तर रस्त्यावरच्या मोठ्या चार्जरची गरज बरीच उतरते.

चीनने वेगळी वाट धरली. तिथे पुष्कळ ट्रकांची बॅटरी केबिनमागे उभी बसवतात आणि केंद्रावर काही मिनिटांत बदलून देतात. २०२५ मध्ये तिथे विकल्या गेलेल्या दर पाच नव्या जड ट्रकांत एकाहून जास्त विजेवरचा होता. मात्र यातले बरेचसे बंदर, खाण, पोलाद कारखाना अशा ठरलेल्या वाटेवर धावतात, आणि बॅटरी बदलण्याची सोय तिथेच शोभते. अनोळखी वाटेवरच्या गाडीला आपल्या मापाची बॅटरी कोण ठेवून देणार?

मी ‘अजून नाही’ म्हणते ते दोघांना. एक, जिथे दोन ड्रायव्हर आळीपाळीने चालवतात आणि गाडी थांबतच नाही. दुसरा, एकाच ट्रकचा मालक. त्याला परतीचं भाडं कुठलं मिळेल हे माल उतरवल्यावर कळतं, त्याप्रमाणे तो वाट बदलतो. त्याला मी थांबे आखून देऊच शकत नाही. शिवाय बॅटरीच्या ट्रकचा पैसा आधी जातो आणि किलोमीटर किलोमीटरने सुटतो, तेव्हा ज्याच्या फेऱ्या अनिश्चित त्याचं कर्जही अनिश्चित. सेकंडहँड बाजारात अशी गाडी काय भावाने जाईल याचा अंदाज बांधायला पुरेशा जुन्या गाड्याच अजून फिरत नाहीत. बॅटरी टिकण्याबद्दल कंपन्या ठाम आहेत, ई-ॲक्ट्रॉस ६०० दहा वर्षांत १२ लाख किलोमीटरसाठी बनवल्याचं त्या सांगतात. पण मालकाला हमीपत्रापेक्षा पुढचा गिऱ्हाईक बघायचा असतो.

दोन ठरलेल्या गोदामांमध्ये रोज ये-जा करणारी गाडी असेल, तर मात्र मी ‘चालेल’ म्हणते आणि लगेच तिच्या रात्रीच्या मुक्कामाचा पत्ता मागते. तिथल्या जोडणीचा अर्ज आधी जातो, ट्रकची ऑर्डर नंतर.