दूधवाल्याच्या सायकलचे पार्ट आणि माझी रोड बाईक

जुनी रोड बाईक, म्हणजे रेसर सायकल, कमी पैशात उभी करायची तर सोलापूरसारखं गाव नाही, यावर मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे. यूट्यूबवर बघा, तिकडचे लोक एका कॉटर पिनसाठी (पायडलचा दांडा एक्सलला धरून ठेवणारी पाचर) नेट पालथं घालतात आणि शेवटी वैतागून सगळा क्रँकसेटच (पायडलचे दांडे आणि पुढचं दातेरी चक्र) बदला म्हणतात. आपल्याकडं कॅन लावलेली दूधवाल्याची काळी सायकल रोज दारात येते तिला आजपण कॉटरच आहे, दुकानात मागितली की काका खोक्यात हात घालून मूठभर काढतात, घ्या निवडून. म्हणून माझा हिशोब एकच होता, जे जे दूधवाल्याच्या सायकलचं आपल्या सायकलला बसतंय ते तेच घ्यायचं, आणि जिथं बसत नाही तिथंच पैसे काढायचे.

सायकल मिळाली जोडभावी पेठेत भंगारात. ड्रॉप हँडल, मागं पाच चकत्यांचं फ्रीव्हील (मागच्या चाकाचं दातेरी चक्र) गंजून एकच गोळा झालेलं, पुढचा बिल्ला गायब, रिव्हेटची दोन भोकं तेवढी शिल्लक, त्यामुळं कंपनी कुठली ते विचारू नका. ६०० म्हणाला, ४५० ला दिली. अशी सायकल घेताना गंजाला घाबरू नका, वरचा गंज पॉलिश पेपरनं जातो. हँडलखालच्या नळीच्या मागं, जिथं आडव्या नळ्या जोडल्यात तिथं खालच्या बाजूनं बोट फिरवा. रंगाला सुरकुती किंवा उंचवटा लागला तर ती समोरून कुठंतरी धडकलेली आहे, फुकट दिली तरी घेऊ नका. पुढचं चाक धरणारा चिमटा पण बाजूनं डोळा लावून बघा.

कॉटर काढणं हा खरा खेळ. नट पूर्ण काढायचा नाही, पिनच्या टोकाबरोबर ठेवायचा म्हणजे आटे वाचतात, आणि क्रँकखाली जाड पाईपचा तुकडा उभा टेकवायचा, नाहीतर हातोडीचा सगळा मार आतल्या छर्र्यांवर (बेअरिंगच्या गोळ्यांवर) जातो आणि ते ज्यात फिरतात त्या कपाला खड्डे पडतात. डावी एका दणक्यात निघाली. उजवी काही हलेना, डिझेल सोडून रात्रभर ठेवली तरी नाही (रॉकेल आता कुठं मिळतंय). शेवटी फ्रेम खांद्यावर टाकून पूर्व भागात एका लेथवाल्याकडं गेलो, तो लूमचे (यंत्रमागाचे) पार्ट बनवतो. "काय बे, लूमचं काम ठेवून तुझी सायकल करू का?" म्हणाला आणि बोलता बोलता अख्खी फ्रेम ड्रिल मशीनखाली आडवी पण केली. पिनच्या मधोमध भोक पाडलं, मग एक पंच मारला की उरलेली पिन खाली. पन्नास रुपये. असा माणूस प्रत्येक गल्लीत असणारं गाव दुसरं कुठलं सांगा.

नवीन कॉटर तशीच ठोकायची नाही. तिची सपाट बाजू कानशीनं घासत घासत बसवायची, दोन्ही सारख्या. कमीजास्त झाली की दोन पायडल एका रेषेत येत नाहीत आणि चालवताना पाय लंगडल्यासारखा वाटतो. बीबीत (पायडलचा एक्सल जिथं फिरतो ते फ्रेमचं घर) दोन्ही बाजूला पाव इंची ११-११ छर्रे आणि भरपूर ग्रीस. उजवा कप उलट्या आट्याचा असतो, तो चांगला असेल तर काढायचाच नाही, डावीकडून फडकं घालून पुसायचा.

आता चाकं. इथं दूधवाला कामाला येत नाही. त्याच्या सायकलला २८ बाय दीड इंची टायर, रिमवर जिथं बसतो तिथला व्यास ६३५ मिलीमीटर. माझी २७ बाय सव्वा, म्हणजे ६३०. आणि हल्लीच्या हायब्रिड सायकलींची ७०० सी मापाची चाकं ६२२. भिंतीला टेकवून ठेवली तर तिन्ही सारखीच दिसतात, दुकानदार पण "बसतंय की, घ्या" म्हणतो, पण २८ चा टायर २७ च्या रिमवर ढिला राहतो आणि हवा भरली की एका बाजूनं उठतो. टायरवरचा आकडा वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. ७०० सी चाकं टाकायची तर ब्रेकचे गुटके ४ मिलीमीटर खाली यायला पाहिजेत, ते आधी बघा, आणि मागच्या चाकाचा हब (आरे जिथं जुळतात तो मधला भाग) रुंद असतो, फ्रेमच्या दोन पायात मावत नाही. मी जुनीच चाकं ठेवली, आरे बदलले, टायर मात्र चांगले घेतले. १६५० चा सगळ्यात मोठा खर्च तोच.

गियर काढून टाकले. दूधवाल्याचं १८ दाती फ्रीव्हील जुन्या हबच्या आट्यावर बरोब्बर बसतं, मग एक्सलवरचे वॉशर इकडचे तिकडे करून आणि आरे ओढून चाक मधे आणायचं. फ्रेमला चाक अडकवायचा मागचा खाचा आडवा असल्यामुळं चाक मागं ओढलं की चेन ताठ. पुढच्या चक्राला ४६ दाते, होटगी रोड, अक्कलकोट रोड झकास पळते, सपाटच आहे की सगळं. तुळजापूरचा घाट मात्र विसरा, ज्यांना देवीला सायकलवर जायचंय त्यांनी गियर ठेवा.

रंग दिला नाही, देणार पण नाही. पावडर कोटिंगला जेवढे मागतात तेवढ्यात टायर, ब्रेक केबल, गुटके सगळं येतं, आणि जुना निळा रंग जिथं राहिलाय तिथं भारी दिसतोय. हँडलला सुती पट्टी गुंडाळली, पूर्वीच्या रेसर सायकलींना तीच असायची, आणि सोलापुरात सुताला काय तोटा?

आतापर्यंत लेथवाला धरून ३४०० च्या आसपास गेलेत. राहिलाय तो पुढचा ब्रेक. स्टीलची रिम ओली झाली की गुटके नुसते घसरतात, पावसाळ्याआधी ॲल्युमिनियमची टाकायचीय. दुकानात दूधवाल्याच्या मापाच्या ३२ आणि ४० भोकांच्या रिमा दाखवतात, मला ३६ ची पाहिजे, २७ बाय सव्वाची. कुणाच्या माळ्यावर पडली असेल तर सांगा, येऊन घेऊन जातो.