दहापर्यंत मोजायचं

आमचा मुलगा सव्वादोन वर्षांचा होता तेव्हा त्याच्याकडे अकरा शब्द होते, आणि तेही मला नंतर कळलं, कारण त्यातले निम्मे मी शब्द म्हणून धरलेच नव्हते. बोट धरून फ्रीजपाशी न्यायचा, हात वर करायचा, ऊं ऊं करायचा, की मी लगेच दूध, केळं, जे काय असेल ते काढून द्यायचे. त्याने तोंड उघडायच्या आत मला कळायचं आणि त्याचा मला अभिमान पण होता, घ्या!

घरी सल्ल्यांची कमी नव्हतीच. याचा बाप पण तीन वर्षांनी बोलला, मुलगे जरा उशिराच बोलतात वगैरे. सासूबाईंनी वेखंड उगाळून जिभेला लावून झालं. शेजारच्या काकूंनी पोपटाचा उष्टा पेरू द्यायला सांगितलं, आता नाशिकमध्ये पोपटाने खाल्लेला पेरू कुठून आणायचा, तरी नवरा एकदा भाजीबाजारात खरंच विचारून आला, म्हणजे बघा आम्ही किती घाबरलो होतो ते.

लसीच्या वेळी बालरोगतज्ज्ञांनी विचारलं, दोन शब्द जोडून बोलतो का? म्हणजे "बाबा ये", "दूध दे" असं. नाही म्हणलं. मग म्हणाले आधी कान तपासू. मी म्हणलं अहो कुरकुऱ्याचं पाकीट दुसऱ्या खोलीत फोडलं तरी धावत येतो, तर म्हणाले पाकीट ऐकू येणं वेगळं आणि बोलण्यातले बारीक आवाज ऐकू येणं वेगळं. त्यासाठीच्या बेरा टेस्टला, म्हणजे कानाच्या तपासणीला, मूल झोपलेलं लागतं, कपाळाला आणि कानामागे वायरी चिकटवतात. त्यासाठी त्याला पहाटे उठवून ठेवलं आणि पठ्ठ्या रिक्षातच झोपला, पोचलो तर टक्क जागा! दुसऱ्यांदा जावं लागलं. कान नॉर्मल निघाले. पण हे आधी केलं ते बरंच झालं, कारण कानातच काही असतं तर नुसती थेरपी करून काय उपयोग होता.

स्पीच थेरपिस्ट निवडताना एकच बघितलं, आरसीआय म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचं रजिस्ट्रेशन आहे ना. पहिली दोन सेशन्स मॅडम त्याच्याबरोबर जमिनीवर बसून नुसत्या गाड्या ढकलत होत्या आणि मी बाहेर बसून मनात फीचा हिशोब करत होते. मग त्यांनी मला सांगितलं, घरी खेळताना दहा मिनिटांचा व्हिडिओ काढून आणा. आम्ही दोघींनी बसून तो बघितला. दहा मिनिटांत मी त्रेचाळीस प्रश्न विचारले होते! हे काय आहे? कलर कोणता? काऊ कसा करतो? सांग ना, सांग ना, आणि उत्तराला जागाच नाही, तो तोंड उघडायच्या आत पुढचा प्रश्न. मला इतकी लाज वाटली.

मग होमवर्क मिळाला. प्रश्न बंद. तो गाडी ढकलतोय तर आपण "गाडी गेली, भुर्र गेली" एवढंच म्हणायचं आणि गप्प बसायचं. मनात दहापर्यंत मोजायचं. तो "गा" म्हणाला तर "गा नाही, गाडी म्हण" असं दामटायचं नाही, आपणच "हो, लाल गाडी" म्हणून एक शब्द वाढवून द्यायचा. वाचायला सोपं वाटतंय ना, करून बघा. चार-पाचपर्यंत मोजलं की माझी जीभ शिवशिवायला लागायची.

आणि ती बरणी. त्याला खजूर फार आवडतो, तर मॅडम म्हणाल्या खजूर पारदर्शक बरणीत ठेवा, झाकण घट्ट लावा, त्याच्या समोर ठेवा आणि तुम्ही मदतीला जाऊ नका, फक्त जवळ बसा. पहिल्या दिवशी त्याने बरणी आपटली. दुसऱ्या दिवशी रडला आणि सासूबाई म्हणाल्या, अगं खजुरासाठी पोराला रडवतेस? मॅडमनी आधीच बजावलं होतं की त्याला रडवायचं नाहीये, रडायला लागला की आपणच "उघड" म्हणून उघडून द्यायचं, मी तसंच केलं. नवव्या का दहाव्या दिवशी त्याने बरणी माझ्या मांडीवर ठेवली, माझ्याकडे बघितलं, मी मोजतेय सहा, सात, आणि तो म्हणाला "उघ". मी झाकण काढलं तेव्हा माझा हात थरथरत होता. मॅडम म्हणाल्या हा शब्दच धरायचा, एकाच गोष्टीसाठी दरवेळी तोच आवाज आला तर तो शब्द. तसे मोजले तर आधीचे अकरा निघाले, "भू" म्हणजे कुत्रा हाही त्यात.

जेवताना मोबाईल बंद केला, ते पाच दिवस मी इथे लिहीत नाही. नणंद म्हणाली दोन भाषांनी गोंधळतोय, पुढे शाळा इंग्लिश मीडियम, आतापासून इंग्लिशच बोला. मॅडमनी मला उलट विचारलं, तुम्ही रागावता कुठल्या भाषेत? मराठीत. मग त्याच भाषेत बोला! दोन भाषांमुळे बोलणं उशिरा येत नाही म्हणे.

एक सांगते, वर्षाचं मूल नावाने हाक मारल्यावर बघत नसेल, बोट दाखवत नसेल, किंवा कुठल्याही वयात येत असलेले शब्द बंद झाले तर सहा महिने वाट बघू वगैरे करू नका, लगेच दाखवा. फी परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयात डीईआयसीची, म्हणजे लहान मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर तपासून उपचार करणाऱ्या केंद्राची चौकशी करा, अंगणवाडीत मुलांना तपासायला जी टीम येते ती तिकडेच पाठवते. मुंबईकरांना बोलण्या-ऐकण्याच्या अडचणींसाठी वांद्र्याची अली यावर जंग संस्था आहे.

आता तो तीन वर्षं चार महिन्यांचा आहे. वाक्यं येतात, पण "क" चा "त" होतो, म्हणजे काका हे "ताता". या वयात चालतं म्हणतात, तरी खेळ म्हणून गुळण्यांचा होमवर्क आहे, आवाज घशातून काढायची सवय व्हावी म्हणून. रोज सकाळी बाथरूमची भिंत ओली, ताताचा शर्ट पण ओला. पुढचं सेशन बुधवारी.