नवरीच्या आईचे त्रेचाळीस फोटो

लग्नाचे फोटो काढायला पहाटे गाडीत बसलो की दादाचं आणि माझं पहिलं काम म्हणजे घड्याळं जुळवायची. मोबाइल दोघांच्या मधे धरायचा, आपापल्या कॅमेऱ्याच्या मेनूत जायचं आणि सेकंदासकट वेळ एक करायची. रात्री दोघांची कार्डं एकाच कॉम्प्युटरवर उतरतात आणि सगळे फोटो वेळेप्रमाणे ओळीने लागतात. घड्याळांत दोन मिनिटांचा फरक राहिला तर अक्षता आधी पडतात आणि अंतरपाट मागाहून धरला जातो. मग ते निस्तरत बसावं लागतं.

डिसेंबर २०२२ मधली गोष्ट. तुळशीचं लग्न लागून गेलं होतं, तिथी दाट होत्या. दादाचा फोन आला, "जयसिंगपूरला सेकंडला येशील का?" दादा मेन फोटोग्राफर, आणि मी तेव्हा दोन वर्षं लग्नांत सेकंड फोटोग्राफर म्हणून जात होते.

मेन फोटोग्राफर नवरा-नवरीला सोडत नाही. गुरुजी, विधी, स्टेज, ग्रुप फोटो, सगळं त्याच्या अंगावर. सेकंडने त्याच्या खांद्यावरून तोच फोटो परत काढायचा नसतो. मेन जिथे उभा आहे तिथून जे दिसत नाही ते सेकंडने धरायचं. मांडवात हरवलेली पोरं, रुखवताचं टेबल, कोपऱ्यात एकमेकींच्या कानाला लागलेल्या आत्या. आणि सेकंड बाई असली तर नवरीची खोली तिच्याकडे येते, कारण साडी नेसवताना आत पुरुष चालत नाही. फोटो शेवटी मेनच्या नावाने जातात, संध्याकाळी कार्ड काढून त्याच्या हातात द्यायचं. यात मला कधी कमीपणा वाटला नाही. एक मात्र सांगते, त्या दिवशी दादाने घालून दिलेले दोन नियम मी मोडले. एक, पार्टीला, म्हणजे लग्नघरच्यांना, कॅमेऱ्याचा स्क्रीन दाखवायचा नाही. दोन, घरच्यांच्या आपसातल्या गोष्टींत तोंड घालायचं नाही.

सात वाजता मी नवरीच्या खोलीत शिरले. दहा-बारा बायका, दोन आरसे, पलंगभर दागिन्यांच्या डब्या. दाराच्या फटीतून एक हात सारखा आत येत होता. सेफ्टी पिनांची डबी, मग गजरे, मग चहाचा ट्रे. "आत या की," मी म्हटलं. "नको, तुमचं चालू द्या," असं म्हणून हात मागे गेला. कार्यालयातल्या कामाच्या बाई असतील असं मी धरून चालले. अर्ध्या तासाने नवरीने दाराकडे तोंड करून विचारलं, "आई, नथ कुठं ठेवलीस?" तेव्हा मला कळलं.

मग मी नीट बघितलं. फिकट मोतिया रंगाची साडी, मोकळं कपाळ. खोलीतल्या प्रत्येकीच्या हातात कोपराकडे चढत गेलेल्या हिरव्या बांगड्या होत्या, पाच वर्षांच्या चुलतबहिणीच्यासुद्धा. आदल्या दिवशी कासार येऊन सगळ्यांना भरून गेला होता. आईच्या मनगटावर एक रबरबँड होतं आणि त्यात घडी घातलेला कागद. आचाऱ्याची यादी. मागचं सगळं तीच बघत होती. निऱ्यांना पिना लावता लावता मावशीने हळू आवाजात सांगितलं, २०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनात नवरीचे वडील गेले. हळद दळायला पाच सवाष्णी बसल्या तेव्हा ही माडीवर अंथरुणं घालत होती. देवकाला काकू, सगळीकडे काकू.

मला हे सहन होत नाही. ज्या बाईने त्या मुलीला वाढवलं, लग्नाचा पै पैचा हिशोब मनगटाला बांधला, तिची सावली शुभकार्यावर नको, हा कसला न्याय? आणि हे चाललं होतं जयसिंगपुरात, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात. याच तालुक्यातल्या हेरवाड गावाने २०२२ च्याच मे महिन्यात ग्रामसभेत ठराव केला होता की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही, जोडवी काढायची नाहीत. कोरोनात घरोघरी तरण्या बायका विधवा झालेल्या बघून गावाने ते पाऊल उचललं. राज्य सरकारनेही त्याच महिन्यात परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. पेपरात आलं, टीव्हीवर आलं. पण ठराव ग्रामपंचायतीच्या वहीत राहतो आणि लग्नाचे मान-पान बायकांच्या खोलीत ठरतात.

सकाळभर मी माझं काम करत राहिले. नवरदेवाची गाडी आली, औक्षण झालं. रुखवताच्या टेबलावर शेवया, कुरडया, सांडगे, पाच तऱ्हेचे लाडू आणि साखरेचं तुळशीवृंदावन. "हे सगळं हिच्या आईनं केलंय, दोन महिने राबत होती," एक म्हातारी मला सांगत होती. त्या टेबलाशी आई फक्त मुंग्या लागल्यात का ते बघायला येऊन गेली. तो फोटो माझ्याकडे आहे. एका हाताने टेबलाचा पाय उचलून दुसऱ्या हाताने खाली पाण्याची वाटी सरकवताना.

मुहूर्त बारा सदतीसचा होता. अंतरपाटाच्या वेळी आम्ही दोघं समोरासमोर असतो. दादा नवरदेवाच्या मागे, त्याला अंतरपाट निघताना नवरीचा चेहरा मिळतो. मी नवरीच्या मागे, मला नवरदेवाचा. शेवटचं 'शुभमंगल सावधान' झालं की अंतरपाट निघतो, वाजंत्री वाजते, अक्षता उडतात आणि ज्यासाठी वर्षभर तयारी केली तो चेहरा जेमतेम एक-दोन सेकंद टिकतो. त्यानंतर लोक हसायला लागतात, हार पुढे येतात, चेहरा कॅमेऱ्याचा होतो. ते दोन सेकंद चुकले तर परत मागता येत नाहीत.

मी लांबचं जवळ आणणारी सत्तर-दोनशेची लेन्स भाड्याने आणली होती. नवरदेवाचे डोळे फोकसमध्ये धरून थांबले होते. मंगलाष्टकं लांबली. नवरदेवाच्या खांद्यामागे, स्टेजच्या डाव्या अंगाला, जेवणघराकडे जायचा दरवाजा होता. तिथे प्लॅस्टिकच्या खुर्च्या एकावर एक रचून ठेवल्या होत्या आणि त्यांच्या पलीकडे पाण्याच्या रिकाम्या क्रेटवर कोणी तरी चढून उभं होतं. मोतिया रंगाची साडी.

तिच्या मुठीत अक्षता होत्या. प्रत्येक अष्टकाला हॉलभरचे लोक थोड्या थोड्या टाकत होते, ती टाकत नव्हती. मूठ छातीशी धरून होती. शेवटचं सावधान झालं, अंतरपाट निघाला, मी नवरदेवाचे सहा फ्रेम घेतले, चांगले घेतले. आणि लगेच फोकस मागे नेला. तिने हात उगारला आणि जोर लावून अक्षता फेकल्या. चाळीस फुटांवरून तांदूळ किती लांब जाणार? ते समोरच्या खुर्च्यांवर पडले. ती क्रेटवरून उतरली, खुर्चीच्या बैठकीवर साचलेले दाणे तळहाताने गोळा केले, कपाळाला लावले आणि आत गेली. सलग नऊ फ्रेम. दादाने त्या वेळी विचारलं असतं तर मला उत्तर देता आलं नसतं, कारण हार घालायच्या वेळी माझा कॅमेरा स्टेजवर नव्हता.

कन्यादानाला काका-काकू बसले. सप्तपदी झाली. मग ग्रुप फोटो. यादी वाचून माणसं गोळा करणं हे सेकंडचं काम. मामाकडचे, काकांकडचे, ऑफिसचे असं करत मी "नवरीची आई" अशी हाक मारली. यादीत नव्हती, तरी मारली. काकू स्टेजवरून म्हणाली, "ऱ्हाऊ दे गं. त्या काय येत न्हाईत वर." रागाने नाही म्हणाली, नेहमीचं सांगावं तसं म्हणाली. दादाने माझ्याकडे बघून मान हलवली. पुढचं नाव घे.

मी पुढची चार नावं घेतली. मग मधे जरा उसंत मिळाली. नवरीच्या मुंडावळ्या सरकल्या होत्या, त्या सारख्या करायला मी तिच्याजवळ वाकले आणि कॅमेऱ्याचा स्क्रीन तिच्यापुढे धरला. क्रेटवरचा फोटो. काही बोलले नाही.

तिने बराच वेळ बघितलं. अंगठ्याने पुढचा फोटो सरकवला, मग त्याच्या पुढचा, खुर्चीवरचे दाणे गोळा करतानाचा. "ही आता कुठं आहे?" तिने विचारलं. मी म्हटलं, कोठीघरात असतील.

ती उठली. शालूच्या पदराची आणि नवरदेवाच्या उपरण्याची गाठ बांधलेली, ती उठली तसा तोही ओढला गेला. "काय झालं?" त्याने विचारलं. "आईकडं जायचंय." तो म्हणाला, "चल." त्या मुलाबद्दल मला एवढंच माहीत आहे आणि तेवढं मला पुरतं. दोघं स्टेजवरून उतरले, पंगतीच्या मधून गेले. वाढपी मसालेभाताच्या बादल्या घेऊन बाजूला झाले. लोक बघत होते. दादा स्टेजवर काकांकडच्या मंडळींत अडकला होता, मी त्यांच्या मागे पळाले.

कोठीघरात आई बुंदीच्या पराती मोजत होती. भिंतीला तांदळाची पोती, तेलाचे डबे, वर एकच ट्यूबलाइट. "अगं हितं कशाला आलीस, शालूला तेल लागंल," ती म्हणाली. मुलगी म्हणाली, "उभी ऱ्हा." बस, एवढंच. आईने आधी बादलीत हात बुडवून धुतले, पदराला पुसले. मग मनगटावरचं रबरबँड काढलं, कागदासकट कमरेला खोचलं आणि जावयाच्या एका बाजूला, हातभर अंतर ठेवून उभी राहिली. मुलीने तिला दंडाला धरून मधे ओढलं. गाठ तर सोडता येत नव्हती. त्यामुळे शालूचा पदर आणि उपरणं आईच्या पाठीमागून फिरून आलं आणि गाठ नेमकी तिच्या कमरेपाशी राहिली. तिघंही त्या गाठीत.

उजेड फार कमी होता. कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, म्हणजे आयएसओ, ६४०० ला नेली, शटर १/१०० सेकंद, कारण ट्यूबखाली शटर त्याहून जलद नेलं की फोटोत कुठे पिवळं कुठे काळं येतं. फ्लॅश मी मुद्दाम लावला नाही. तो उडाला असता तर तिने डोळे मिटून घेतले असते आणि मग परत परातींकडे वळली असती. अकरा फ्रेम घेतले. सातव्यात ती हसली आहे. दारात काकू आली, क्षणभर थांबली, "गुरुजी खोळंबलेत" म्हणाली आणि गेली.

परतीच्या गाडीत दादा अंकलीच्या पुलापर्यंत बोलला नाही. मग म्हणाला, "स्क्रीन का दाखवलास?" मी सांगितलं. त्याचं म्हणणं असं की आपण एका दिवसाचे पाहुणे, आपण गेल्यावर त्या घरात जे होईल ते त्या बाईला भोगावं लागेल, आपल्याला नाही. ते खरंच होतं आणि मी तो विचार केला नव्हता. मी तसं कबूल केलं. तरी पुन्हा तशी वेळ आली तर मी काय करीन ते मला माहीत होतं, आणि ते मी त्याला सांगितलं. तो त्यावर काही बोलला नाही. घरापाशी उतरताना मी कार्ड त्याच्या हातात दिलं.

चार दिवसांनी रात्री साडेअकराला त्याचा फोन. तो अल्बमची निवड करत बसला होता. म्हणाला, घड्याळं बरोबर जुळलीत. ओळीने लागलेत. बारा बावन्न, अठरा सेकंद, माझा नवरीचा. त्याच सेकंदाला तुझा नवरदेवाचा. एकविसाव्या सेकंदाला हा क्रेटवरचा. तिन्ही एका शीटवर घेतोय, मधे रेघसुद्धा ठेवत नाही.

मग थोडा वेळ नुसता माऊसचा आवाज येत राहिला.

"माझ्या अख्ख्या कार्डात ही बाई एकदाही नाही गं," तो म्हणाला. "तुझ्याकडे किती आहेत?"

मी मोजले नव्हते. त्याच्याकडूनच फाइली वाचून घेत आम्ही फोनवर मोजले. त्रेचाळीस निघाले. "सगळ्यांचे नंबर लिहून घे, मी वेगळं फोल्डर करतो," तो म्हणाला. मी वही घेतली. पहिला सकाळी सात बाराचा होता. नवरीच्या खोलीचं दार, दाराच्या फटीतून आत आलेला हात, हातात सेफ्टी पिनांची डबी.