इतका लोभस खुनी दाखवणं बरोबर आहे का?

युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन याच्यावरचा 'द लास्ट किंग ऑफ स्कॉटलंड' हा सिनेमा मी कितीतरी जणांना आग्रहाने पाहायला लावला आहे, आणि पाहून झाल्यावर प्रश्न ठरलेला असतो. शब्द वेगळे, रोख तोच. "इदी अमीनने लाखो माणसं मारली म्हणता, मग पडद्यावर तो इतका आवडतो कसा? अर्धा सिनेमा आपण त्याच्याच बाजूने असतो. हे त्याला माफ केल्यासारखं नाही का?" उभ्याउभ्या दिलेल्या उत्तराने कुणाचंच समाधान होत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आता सविस्तर लिहिते.

माझं उत्तर आहे, नाही. उलट तो आवडला नसता, तर सिनेमा खोटा ठरला असता.

अमीन सत्तेवर आला तो २५ जानेवारी १९७१ रोजी. राष्ट्राध्यक्ष मिल्टन ओबोटे राष्ट्रकुल परिषदेसाठी सिंगापूरला गेले होते, तेवढ्यात लष्कराने राजधानी कंपाला ताब्यात घेतली. लोक रस्त्यावर उतरले ते नाचत, घोषणा देत. ओबोटेंना लोक विटले होते आणि समोर हा सहा फुटांवरचा धिप्पाड गडी उभा होता. ब्रिटिशांच्या फौजेत साध्या शिपायापासून वर चढलेला, युगांडाचा लाइट हेवीवेट मुष्टियुद्ध विजेता, गावकऱ्यांशी त्यांच्यातलाच होऊन बोलणारा. ब्रिटननेही त्याच्या सरकारला झटपट मान्यता दिली. पुढची आठ वर्षं माणसं घरातून उचलली गेली, नाईल नदीत प्रेतं तरंगली, मृतांचा आकडा तीन लाखांपर्यंत सांगितला जातो. पण तो पहिला जल्लोष खरा होता. पहिल्याच दृश्यापासून राक्षस दाखवला असता, तर त्याच्यासाठी नाचणारे लोक आपल्याला मूर्ख वाटले असते, आणि आपण खुर्चीत सुरक्षित बसून राहिलो असतो.

दिग्दर्शक केव्हिन मॅकडोनल्ड तोवर माहितीपटांसाठी ओळखला जायचा. जाइल्स फोडेनच्या कादंबरीवरून त्याने २००६ साली हा सिनेमा केला, तोही प्रत्यक्ष युगांडात जाऊन. अमीनचा खासगी डॉक्टर होणारा निकोलस गॅरिगन हा तरुण स्कॉटिश डॉक्टर काल्पनिक आहे. जेम्स मॅकॲव्हॉयने तो उथळ, मौजेला भुललेला असा रंगवलाय, आणि ते तसंच हवं होतं. सगळा भार मात्र अमीन साकारणाऱ्या फॉरेस्ट व्हिटेकरवर आहे.

दोघांची भेट होते ते दृश्य आठवा. अमीनच्या गाडीची गाईला धडक बसली आहे, त्याच्या हाताला दुखापत झाली आहे, गॅरिगन हात बांधतोय आणि शेजारी जखमी गाय सारखी हंबरतेय. तो आवाज असह्य होऊन डॉक्टर अमीनचंच पिस्तूल उचलतो आणि गाईला गोळी घालतो. सैनिक बंदुका रोखतात. व्हिटेकर इथे जवळजवळ काहीच करत नाही. तो बघत राहतो. त्याची डावी पापणी उजवीपेक्षा जड आहे, त्यामुळे एक डोळा विचार करतोय आणि दुसरा कंटाळलाय असं वाटतं. त्यातला कुठला खरा धरायचा ते आपल्याला ठरवता येत नाही. मग पोरगा स्कॉटिश आहे हे कळतं आणि चेहरा एकदम उजळतो. अमीन स्वतःचा लष्करी शर्ट काढून देतो आणि त्याचा 'स्कॉटलंड' लिहिलेला टी-शर्ट मागून घेतो. आपण सुटकेने हसतो. त्या हसण्यासाठीच व्हिटेकरने आपल्याला इतका वेळ ताणून धरलेलं असतं. दरबारातली माणसं आठ वर्षं हेच करत होती. आज साहेब हसले, म्हणजे आजचा दिवस निभावला.

एरवी व्हिटेकर मृदू, हलक्या आवाजात बोलणारा माणूस. कॉलेजात तो पाश्चात्य शास्त्रोक्त गायन शिकला होता, आणि संवादांची लय पाहिली की ते जाणवतं. या भूमिकेसाठी त्याने वजन वाढवलं, स्वाहिली शिकला, अमीनच्या नातेवाइकांना आणि जुन्या अधिकाऱ्यांना भेटला, ॲकॉर्डियनसुद्धा शिकला, कारण अमीन ते वाजवायचा. ऑस्कर मिळालं ते योग्यच झालं. पण मेहनतीच्या या याद्यांवर फार भर देऊ नये असं मला वाटतं. वजन कुणीही वाढवील. हसता हसता मधेच हसू थांबवायचं आणि समोरच्याने काय चूक केली हे त्याचं त्यालाच शोधायला लावायचं, हे असं शिकून येत नाही.

आता त्या दृश्याकडे येते ज्यासाठी मी हा सिनेमा पुन्हा पुन्हा पाहते. ऑगस्ट १९७२ मध्ये अमीनने युगांडातल्या आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला सांगितलं. पन्नास हजारांहून अधिक माणसं दुकानं, घरं, पेढ्या मागे टाकून निघाली. बहुतेक गुजराती होते, पण एंटेबे आणि कंपालाच्या सरकारी कचेऱ्यांत गोव्याची माणसंही पुष्कळ होती. पिढ्या तिथे गेलेल्या, स्वतःचे क्लब, स्वतःची नाटकं असलेली. सिनेमात हे सगळं धावतं येऊन जातं, आणि त्याचा मला राग आहे. एका काल्पनिक गोऱ्या पोराच्या पस्तावण्याला जेवढी जागा मिळते, तेवढी ना या लोकांना मिळते, ना खुद्द युगांडाच्या माणसांना.

पण देश डबघाईला आल्यावर अमीन गॅरिगनला फैलावर घेतो, ते दृश्य ही उणीव थोडी भरून काढतं. आशियाईंना घालवू नकोस असं तू मला सांगायला हवं होतंस, असं तो म्हणतो. मी सांगितलं होतं, असं डॉक्टर म्हणतो. त्यावर अमीन उसळतो: सांगितलंस, पण मला पटवलं नाहीस! या वाक्यावर व्हिटेकरचा आवाज रडवेला होतो. दुखावलेल्या मुलासारखा. अमीन नाटक करतोय असं क्षणभरही वाटत नाही. दोष खरोखर दुसऱ्याचाच आहे अशी त्याची खात्री आहे. हजारो कुटुंबं देशोधडीला लागली आणि हा मनापासून स्वतःला फसवलं गेलेला समजतोय. मला पूर्ण सिनेमात सगळ्यात भीती वाटते ती इथे. शेवटी एंटेबे विमानतळावर गॅरिगनचे जे हाल होतात ते पाहवत नाहीत, तरी ती भीती अंगाची आहे. ही त्याहून खोल जाते.

लोभसपणा दिग्दर्शकाने वरून चिकटवला असेल अशी शंका ज्यांना आहे, त्यांनी बार्बे श्रोडरने १९७४ साली खुद्द अमीनला घेऊन केलेला माहितीपट जरूर बघावा. त्यात खरा अमीन ॲकॉर्डियन वाजवतो, पोहण्याच्या शर्यतीत दुसऱ्यांना आडवा जाऊन जिंकतो आणि दिलखुलास हसतो. मंत्रिमंडळाच्या बैठकीत तो आपल्या परराष्ट्रमंत्र्याला खडसावतो, तेव्हा बाकीचे मंत्री खाली मान घालून मुकाट्याने वहीत लिहीत असतात. थोड्याच दिवसांत त्या परराष्ट्रमंत्र्याचं प्रेत नाईलमध्ये सापडलं. या माहितीपटातली काही मिनिटं कापावीत म्हणून अमीनने युगांडातल्या फ्रेंच नागरिकांना अडकवून ठेवलं होतं, आणि श्रोडरला ती कापावी लागली. अमीन मात्र एप्रिल १९७९ मध्ये टांझानियाच्या फौजांपुढे पळाला आणि २००३ साली सौदी अरेबियात, जेद्दाला, आजारपणाने वारला. एकाही खुनासाठी त्याच्यावर कधी खटला चालला नाही.

दोन्ही चित्रपट जमल्यास लागोपाठ बघा, आधी व्हिटेकर आणि मग खरा अमीन. बैठकीच्या दृश्यात अमीनकडे नंतर बघा. आधी त्या लिहिणाऱ्या मंत्र्यांचे चेहरे बघा.