गोधडी, कॅनव्हास आणि एकच भिंत

चित्र, मिश्र माध्यम आणि वस्त्रकला यांचे समूह प्रदर्शन पुण्यात भरवायचे ठरले, तेव्हा आमच्या सात जणांच्या गटात केवळ कापडावर काम करणारी मी एकटीच होते. अर्जासोबत प्रत्येकाने आपापल्या कलाकृतींची छायाचित्रे जोडायची होती. गोधडीचे समोरून, भरपूर उजेडात छायाचित्र घेतले की टाक्यांनी आलेले उंचसखलपण नाहीसे होते आणि उरतो तो फक्त रंगीत तुकड्यांचा नकाशा. म्हणून मी दिवा एका बाजूला, जवळजवळ कापडाच्या पातळीत ठेवला. त्यामुळे धावदोऱ्याच्या प्रत्येक ओळीलगत बारीक सावली उमटली आणि काम जसे आहे तसे दिसले.

निवड झाल्यावर खरी चर्चा मांडणीवर झाली. सगळ्या कलाकृती काचेच्या फ्रेममध्ये बसवाव्यात, म्हणजे दालन एकसारखे दिसेल, असा एक प्रस्ताव होता. मला तो मान्य नव्हता. काचेला टेकलेल्या कापडाला दमट हवेत बुरशी लागण्याचा धोका असतो, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे कापडाचा स्वभाव लोंबण्याचा आहे. मुंबईच्या विणकर कलाकार मोनिका कोरिया यांनी मागावरची, उभे धागे जागेवर धरणारी फणी काढून ते ताण्याचे धागे मोकळे वाहू दिले, शिल्पकार मृणालिनी मुखर्जी यांनी तागासारख्या धाग्यांना गाठी मारून माणसापेक्षा उंच शिल्पे उभी केली. ही कामे काचेआड कल्पून पाहावीत, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल. सहकाऱ्यांनी हे ऐकून घेतले, याचा मला आजही आनंद वाटतो.

गोधडी टांगण्यासाठी मागच्या बाजूला वरच्या कडेलगत सुती कापडाचा रुंद नेफा हाताने शिवला. टाके फक्त मागच्या थरांतून घेतले, दर्शनी बाजूला एकही येऊ दिला नाही. नेफा भिंतीच्या बाजूने थोडा सैल ठेवला, म्हणजे आतल्या पट्टीची जाडी तिकडे सामावते आणि समोर फुगवटा येत नाही. कोऱ्या लाकडातील आम्लाने कापडावर डाग पडतात, म्हणून ॲल्युमिनियमची चपटी पट्टी वापरली. चार थरांच्या लुगड्यांचे वजन असे सगळ्या रुंदीवर वाटले जाते. दोन कोपऱ्यांत चिमटे लावले असते, तर जुने सूत तिथेच विरले असते.

दिव्यांचा प्रश्न अधिक नाजूक होता. संग्रहालयांत वस्त्रांसाठी साधारण 50 लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजण्याचे एकक), तर तैलचित्रांसाठी 200 लक्सपर्यंत प्रकाश ठेवण्याची प्रथा आहे. काही दिवसांच्या प्रदर्शनात रंग उडण्याची भीती कमी असते, हे खरे. परंतु शेजारच्या कॅनव्हासवर प्रखर झोत असला, की डोळा त्याला सरावतो आणि कापड मळकट भासते. शेवटी आम्ही खिडकीपासून दूरची भिंत कापडाला दिली आणि गंजलेला पत्रा, हातकागद व गोणपाट यांची मिश्र माध्यमातील कामे मध्ये ठेवली, त्यामुळे उजेड टप्प्याटप्प्याने उतरत गेला.

नामपट्टीवर माझ्या कामापुढे नुसते ‘मिश्र माध्यम’ छापू नये, असा आग्रह मी धरला. ‘जुनी सुती लुगडी, सुती दोरा, हातशिलाई’ असे लिहिल्यावर लोक नामपट्टी वाचून पुन्हा कापडाकडे वळत. किंमत ठरवताना मात्र चित्रकारांचा चौरस इंचाचा हिशेब मला लागू पडेना. दाट टाक्यांचा छोटा तुकडा विरळ टाक्यांच्या मोठ्या गोधडीहून जास्त वेळ घेतो. मी वेळेवर किंमत धरली आणि विचारणाऱ्याला कारणही सांगितले.

हात लावू नये, अशी सूचना होतीच, तरीही कापड पाहिले की हात पुढे येतोच. त्यासाठी त्याच लुगड्यांचा, त्याच टाक्याचा एक नमुना मी टेबलावर ठेवला. वयस्कर बायका तो उचलून आधी उलटा करत, कारण शिवणाऱ्याची पारख मागच्या बाजूवर होते. एका आजींनी गाठ कुठे लपवली आहे ते शोधून काढले आणि त्यांच्याकडे ती कशी लपवतात, ते मला बोटांनी करून दाखवले. त्यांची पद्धत माझ्या पद्धतीहून सरस आहे. नव्या गोधडीत मी तीच वापरते आहे.